बॉल सुटला, चूक माझी

आमच्या घरात क्रिकेट हा खेळ नाही, कुळाचार आहे. सासरे पुण्यात बँकेत नोकरीला होते आणि बँकेच्या संघाचे विकेटकीपर होते. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी एका बॉलने वाकडी झाली ती तशीच राहिली, आणि घरी येणाऱ्या पाहुण्याला चहाच्या आधी ती दाखवली जाते. नवरा आठवडाभर नेकारसुल्मला गाड्यांच्या कारखान्यात असतो, शुक्रवारी संध्याकाळी घरी येतो आणि बूट काढायच्या आधी स्कोअर विचारतो. अशा घरात माझ्या मुलीने सातवीत असताना जेवता जेवता जाहीर केलं की ती शाळेत बेसबॉल खेळणार आहे. सासऱ्यांनी ही बातमी व्हिडिओ कॉलवर ऐकली आणि ते इतका वेळ गप्प राहिले की मला वाटलं, नेट गेलं.

शाळा सुटल्यावर इथे जर्मनीत वेगवेगळे वर्ग चालतात, नाटकाचा, बुद्धिबळाचा, बागकामाचा. आमच्या लुडविग्सहाफेनच्या आसपास पूर्वी अमेरिकन सैन्याच्या छावण्या होत्या. सैनिक निघून गेले, पण त्यांचा खेळ एखाद्‌दुसऱ्या मैदानावर मागे राहिला. तसल्याच एका मैदानावर शाळेचा बेसबॉलचा वर्ग भरायचा. शिकवणारे गृहस्थ अमेरिकन. शाळेत इंग्रजी आणि खेळ हे विषय घ्यायचे आणि दुपारी हे. सासरे त्यांना पुढे 'मास्तर' म्हणायला लागले आणि तेच नाव आमच्या घरात रुजलं.

मास्तर तरुणपणी मायनर लीगमध्ये कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखे, होते. अमेरिकेत जे मोठे, टीव्हीवर दिसणारे संघ असतात, त्यांच्या खाली पायऱ्या पायऱ्यांनी लहान गावांचे संघ असतात. पोरं तिथे वर्षानुवर्षं खेळतात, रात्ररात्र बसमधून हिंडतात आणि वरून कधीतरी बोलावणं येईल म्हणून वाट बघतात. बहुतेकांना येत नाही. मास्तरांनाही आलं नाही. मग एका उन्हाळ्यापुरते ते जर्मनीतल्या एका क्लबकडून खेळायला आले, इथलीच बायको केली आणि राहिले. मी पहिल्या भेटीतच त्यांना विचारलं होतं की इतकी वर्षं तुम्ही नेमकं काय केलंत. मला असं तोंडावर विचारायची खोड आहे. ते म्हणाले, "लोक टाकायचे, मी पकडायचो." मला वाटलं, एवढंच? एवढ्यासाठी गुडघे घालवले?

कारण गुडघे गेलेलेच होते. पन्नाशी उलटलेला हा रुंद खांद्यांचा माणूस जिना उतरताना कठडा धरायचा. पण एके दिवशी मी मुलीला न्यायला लवकर पोचले तेव्हा ते होमच्या मागे, म्हणजे फलंदाजाच्या पाठीशी, उकिडवे बसून एका पोराचे बॉल घेत होते. पोरगा भरकटलेला होता. एक बॉल डोक्यावरून, एक मातीत, एक पार दूर. आणि मास्तरांचा हात प्रत्येक बॉलपाशी आधीच जाऊन बसलेला. धडपड नाही, झेप नाही. बॉल त्यांच्या ग्लोव्हमध्ये शिरला की टप्प असा एकच आवाज यायचा आणि हात जागच्या जागी थांबायचा. तो पोरगा हळूहळू ताठ उभा राहायला लागला. आणखी थोड्या वेळाने त्याचे बॉल सरळ यायला लागले. मी कुंपणाशी गाडीची किल्ली हातात धरून उभी होते आणि माझ्या अंगावर काटा आला. मी खेळातली नाही, मला उगाच भरून वगैरे येत नाही. पण हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मास्तर गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या बांधत होते, तेव्हा मी त्यांना म्हटलं की त्याला तुम्ही एका शब्दाने काही सांगितलं नाही. ते म्हणाले, "त्याला माहीत होतं की तो वाईट टाकतोय. माझ्या हातावरून त्याला ते परत कळायला नको."

माझी मुलगी कॅचर झाली. हे व्हायचंच होतं, रक्त आजोबांचं. पण ती बुजरी. घरात मराठी सगळी समजते, उत्तर मात्र जर्मनमध्ये, तेही दोन शब्दांत. शाळेतल्या बाईंनी प्रत्येक पालकसभेला मला सांगितलं होतं की ती वर्गात हात वर करत नाही. हीच मुलगी मुखवटा चढवून होमच्या मागे बसली की साऱ्या मैदानाला ओरडून सांगायची, तू मागे सरक, तू डावीकडे ये. या खेळात बाकी सगळे खेळाडू तिच्याकडे तोंड करून उभे असतात. एकटी तीच सगळ्यांना बघू शकते. मुखवट्याआड तिला कंठ फुटला होता. तो वर्ग मला म्हणूनच देवघरासारखा वाटायला लागला होता.

वसंतात सासरे तीन महिन्यांच्या व्हिसावर आले आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी मैदानावर. मी त्यांची मास्तरांशी ओळख करून दिली. मास्तरांनी हस्तांदोलनाला हात पुढे केला आणि सासरे तो सोडेचनात. त्यांनी मास्तरांची वाकडी तर्जनी निरखली, मग आपली करंगळी पुढे केली. मास्तरांनी डावा हात दाखवला, त्याचा अंगठाही वाकडा. सासऱ्यांनी पाटलोणीचा पाय वर करून नडगीवरची खूण दाखवली. दोघांमध्ये धड एक वाक्य झालं नव्हतं. मी म्हटलं, "अहो बाबा, आता बास, मैदानात मुली आहेत."

त्या दिवसापासून इमारतीच्या मागच्या हॉफमध्ये, म्हणजे अंगणात, आजोबा-नातीचा सराव सुरू झाला. सासरे खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकायचे. "झडप घालू नकोस गं! आलेल्या बॉलचं स्वागत करायचं!" दुपारच्या शांततेच्या वेळेत आवाज करता म्हणून खालच्या मजल्यावरच्या बाई दोनदा येऊन गेल्या, तिसऱ्यांदा आल्या त्या खुर्ची घेऊन. सासऱ्यांनी नातीला सगळं दिलं, बोटं कशी सैल ठेवायची, नजर कुठे ठेवायची, आणि उंच उडालेला झेल पकडला की बॉल हवेत वर उडवायचा, हेही दिलं. "झेल घेतला आणि बॉल उडवला नाही, तर घेतला कशाला?" हे त्यांचं वाक्य.

कुठल्याही मराठी पोराला विचारा, झेल पकडला की बॉल वर जातो. ते कोणाला शिकवावं लागत नाही.

मे महिन्यात मॅनहाइमच्या एका शाळेशी सामना होता. शेवटचा डाव, दोन्हीकडे सारख्या धावा. त्यांचा एक मुलगा तिसऱ्या बेसवर उभा होता. तिथून तो पळत होमवर पोचला की धाव, आणि सामना त्यांचा. त्यांच्या फलंदाजाने मारलेला बॉल मागच्या बाजूला उंच उडाला. माझ्या मुलीने मुखवटा भिरकावला, वर बघत मागे धावली आणि कुंपणाला पाठ घासत असा काही झेल घेतला की मी किंचाळले. फलंदाज बाद. तिने आनंदाने बॉल हवेत उडवला. उंच, अगदी आजोबांनी शिकवला तसा.

बेसबॉलमध्ये झेल घेतला म्हणून खेळ थांबत नाही. बॉल जिवंतच असतो. तो आभाळात असताना तिसऱ्या बेसवरचा मुलगा धावला आणि होमवर पोचला. बॉल खाली तिच्या हातात आला तेव्हा समोरची पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती. ती हसतच वळली होती. काय झालंय हे तिला कळलं तेव्हाचा तिचा चेहरा मला अजून पाहावत नाही.

आमच्या बाजूचे पालक काही बोलले नाहीत, पण जर्मन माणसं न बोलताही बरंच बोलतात. तेवढ्यात मास्तर लंगडत लंगडत मध्ये आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, आधी जर्मनमध्ये आणि मग सासऱ्यांसाठी इंग्रजीत, म्हणाले, "झेल पकडल्यावर बॉल जिवंत असतो, हे मी तिला शिकवलं नव्हतं. चूक माझी."

सासरे उठले. बँकेतलं ठेवणीतलं इंग्रजी बाहेर आलं. "नो नो सर! मिस्टेक इज माइन! आय ओन्ली टॉट हर!"

"नाही, माझी."

"सर, प्लीज. आय अ‍ॅम हर ग्रँडफादर!"

दोन म्हातारे एका चुकीसाठी भांडत होते आणि कोणी मागे हटेना. पालकांत कोणीतरी फिसकन हसलं. माझी मुलगी रडता रडता हसली आणि तिला आणखीच रडू आलं.

गाडीत मी म्हटलं, एवढी साधी गोष्ट शिकवू नये म्हणजे काय? मी रसायनांच्या कारखान्यात केमिस्ट आहे. आमच्याकडे काही बिघडलं की कशामुळे आणि कोणामुळे, हे सापडल्याशिवाय कोणी घरी जात नाही. मास्तरांवर मी घसरणारच होते. मागच्या सीटवरून मुलगी जर्मनमध्ये म्हणाली, "शिकवलं होतं, ममा. पहिल्याच आठवड्यात."

मी आरशातून तिच्याकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

तिने पुन्हा जायला कुरकुर केली नाही. मला धास्ती होती की मुखवटा कपाटात जाईल आणि ती पुन्हा दोन शब्दांची होईल. पण पुढच्या सरावाला ती सगळ्यांच्या आधी हजर. मास्तरांनी त्या दिवशी सासऱ्यांना मैदानाच्या मध्यात उभं केलं आणि अख्ख्या संघाला त्यांच्याकडून बॉल उडवायला शिकवलं. डाव संपला की उडवायचा, आधी नाही. सासऱ्यांची छाती दोन दिवस फुगलेली होती.

जुलैमध्ये, शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी, शेवटचा सामना होता. त्याला विभागाच्या संघाची निवड करणाऱ्या एक बाई बघायला येणार होत्या. या संघासाठी माझी मुलगी जीव टाकत होती. तिने स्वतः काही मागितल्याचं मला आठवत नाही, पण ही गोष्ट तिने मास्तरांकडे मागितली होती: माझं नाव त्यांना सांगाल का? मास्तरांनी सांगितलं होतं. त्या बाई तिच्यासाठीच येणार होत्या.

सामना शेवटाकडे आला तेव्हा आमची बॉल टाकणारी मोठी मुलं दमली आणि पाचवीतली एक चिमुरडी टाकायला आली. सगळे तिला 'छोटी'च म्हणायचे. ती नवीन होती, प्रत्येक सामन्यानंतर रडायची आणि पुढच्या वेळी येणार नाही म्हणायची. कॅचर बोटांनी खूण करतो आणि पिचर त्याप्रमाणे टाकतो. माझी मुलगी खूण करून आतल्या बाजूला सरकली. छोटीने बॉल टाकला तो बाहेरच्या बाजूला. ग्लोव्हच्या टोकाला लागून तो मागे कुंपणापर्यंत गेला आणि त्यांचा खेळाडू तिसऱ्या बेसवरून धावत येऊन धाव काढून गेला.

छोटी तिथेच उभी होती, दोन्ही हात तोंडावर. माझ्या मुलीने मुखवटा वर केला, ग्लोव्हने आपल्या छातीवर थाप मारली आणि ओरडली, "माइन फेलर! चूक माझी! मी खूण चुकीची केली!" मग ती छोटीपर्यंत चालत गेली, तिला काहीतरी सांगून परत आली आणि खाली बसली. छोटीने पुढचा बॉल टाकला. तो बरोबर आला. त्याच्या पुढचाही. आम्ही सामना जिंकलो.

निवड करणाऱ्या बाई मात्र मधेच कागदावर काहीतरी लिहून उठून गेल्या होत्या.

सामना संपल्यावर मी तडक मास्तरांकडे गेले. ते बाकावर बसून गुडघ्यांना बर्फ बांधत होते. मी विचारलं, खूण खरंच चुकली होती का? त्यांनी आधी बर्फाची गाठ आवळली. मग म्हणाले, "मी बाजूला बसून तिची बोटं बघत होतो. खूण बरोबर होती. छोटीने उलटी वाचली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, आज? आजच हे सुचलं हिला? हे असलं तुम्ही शिकवता?

"नाही," ते म्हणाले. "हे मी कोणालाच शिकवलेलं नाही." त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मी बाकावर बसले.

मग त्यांनी मला आपल्या खेळायच्या दिवसांतलं सांगितलं. शाळेत ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा ते खालच्या संघात होते, त्यांचा सगळ्यात चांगला मोसम होता, आणि वरच्या संघाचा माणूस त्यांना आणि त्यांच्या पिचरला बघायला आला होता. पिचर म्हणजे मिसरूड न फुटलेलं पोर. त्याने खूण उलटी वाचली, बॉल मागे गेला, सामना गेला. "तो माझ्याकडे बघत होता," मास्तर म्हणाले. "बाकी कोणाकडे बघायला त्याला जागाच नव्हती. मी छातीवर हात मारला." व्यवस्थापकांनी विचारलं तेव्हाही त्यांनी, खूण माझीच चुकली, असं सांगितलं. पोरगा वर गेला, पुढे पुष्कळ मोठा झाला. वरून आलेल्या माणसाने मास्तरांच्या नावापुढे लिहिलं, महत्त्वाच्या वेळी चुकतो. तो शेरा मग त्यांच्या आधी प्रत्येक गावात पोचत गेला.

"पश्चात्ताप होतो?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण जीभ माझी आहे.

"मी मोठा माणूस होतो, मी माझं बघून घेतलं," ते म्हणाले. "पण ती तेरा वर्षांची आहे. तिला याची काय किंमत पडते ते मला माहीत आहे. आणि माझ्याकडून तिने हे कुठून उचललं, ते मला माहीत नाही."

मला माहीत होतं. मास्तरांनी तिची चूक आपल्या अंगावर घेतली, आणि गाडीत मागच्या सीटवर बसून ती खिडकीबाहेर बघत होती, तेव्हा उचललं होतं.

आठवड्याने संध्याकाळी जेवणाच्या आधी दारावरची बेल वाजली. मास्तर. या देशात कोणी न कळवता येत नाही, तेव्हाच मी समजले. ते दारातच बूट काढायला वाकले आणि गुडघ्यांनी त्यांना वाकू दिलं नाही. सासरे म्हणाले, "अहो राहू द्या, राहू द्या, आत या," आणि हाताला धरून त्यांना आमच्या बुटांच्या बाकड्यावर बसवलं. मुलगी खोलीतून बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"तुझं नाव नाही," मास्तर तिला जर्मनमध्ये म्हणाले. "ईमेल उद्या येईल. मला वाटलं, तू माझ्याकडून ऐकावंस."

तिने मान हलवली.

"त्या बाईंना वाटतंय की खूण तू चुकवलीस. मी त्यांना फोन करू शकतो. खरं काय झालं ते मी पाहिलंय, आणि माझा शब्द त्या ऐकतील. अजून जागा आहे. तू सांग, मी आत्ता इथून करतो." त्यांनी खिशातून फोन काढून मांडीवर ठेवला.

करा फोन, असं माझ्या तोंडात अगदी आलं होतं. सासऱ्यांना शब्द कळत नव्हते, तरी त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. एरवी मला गप्प करणं कोणाला जमत नाही.

मुलीने त्या फोनकडे बघितलं. मग विचारलं, "मग छोटीला कळेल?"

मास्तर खोटं बोलू शकले असते. "हो," ते म्हणाले. "असल्या गोष्टी कळतात."

"ती परवा सरावाला आली होती. रडली नाही."

"हो. मी पाहिलं."

"मग नको," ती म्हणाली. ती खोलीत गेली, दार लावलं, आणि आतून तिच्या रडण्याचा आवाज यायला लागला. उशीत तोंड खुपसून रडत असावी, पण आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत.

मी तिच्या दाराकडे निघाले आणि परत फिरले. आत जाऊन काय सांगणार होते? इतकी मोठी मुलगी माझ्या घरात राहते, हे मला आत्ता कळत होतं. मला तिची भीती वाटली, देवापुढे वाटते तशी. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि सासरे गॅस बंद करायला गेले.

मास्तर अजून बाकड्यावरच होते. फोन मांडीवर तसाच. मी त्यांना इंग्रजीत विचारलं, "तुमच्या वेळी तुम्हाला असं कोणी विचारलं होतं का? फोन करू का म्हणून?"

त्यांनी मान हलवली, नाही. मग ते बंद दाराकडे बघत बसले. आम्हाला दोघांनाही आतला आवाज ऐकू येत होता.

"विचारलं असतं," ते म्हणाले, "तर मी करा म्हटलं असतं."